अंगावर गाठ आली, पण दुखत नाही: मग दाखवायची कधी?

काखेत आली तर काखमांजरी. जांघेत आली तर अवधान. मानेवर एकीला लागून दुसरी अशा आल्या तर गंडमाळा, गळ्याच्या मधोमध फुगवटा दिसला तर गलगंड. पिकणारी असेल तर करट, गळू किंवा बेंड. डोक्यावर किंवा पाठीवर वर्षानुवर्षं बसून असेल तर आवाळू. खोकताना जांघेत बाहेर येते ती अंतर्गळ आणि अंडकोशात पाणी साचून होते ती अंडवृद्धी. अंगावर येणाऱ्या उंचवट्यांना मराठीत इतकी नावं आहेत, आणि ती उगाच पडलेली नाहीत. गाठ कुठे आली, किती दिवसांत वाढली, पिकते की नाही, दाबल्यावर आत जाते का, हे पाहूनच ती पडली आहेत. सर्जनसुद्धा पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतो.

या यादीत एका गाठीला मात्र वेगळं नाव नाही. टणक असते, हळूहळू वाढते आणि दुखत नाही. तिला लोक नुसतं 'गाठ' म्हणतात आणि पुढे जोडतात, 'दुखत नाही ना, मग राहू दे.'

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मूल तालुक्यात हे 'राहू दे' कसं लांबत जातं, याचा अंदाज इथल्या वर्षाच्या कामावरून येतो. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास धान कापणी, मग मळणी, आणि त्यानंतर अनेक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात. दवाखान्यात जायचं म्हणजे मजुरी बुडवायची. जी गाठ काम करू देते, तिच्यासाठी मजुरी कोण बुडवणार? दुखणारं करट दोन दिवसांत डॉक्टरकडे पोहोचतं आणि न दुखणारी गाठ तीन हंगाम घरीच राहते. बऱ्याचदा गरज याच्या नेमकी उलट असते.

दुखण्यावरून काय कळतं?

फार थोडं. गाठ दुखते तेव्हा बहुतेक वेळा तिथे जंतुसंसर्ग असतो, पू असतो किंवा आतल्या आत रक्त साचलेलं असतं. शरीर त्याच्याशी झगडतं, म्हणून ती जागा लाल होते, गरम लागते, ठणकते. कर्करोगाच्या पेशी सुरुवातीला असा गाजावाजा करत नाहीत. त्या वाढत राहतात आणि एखाद्या नसेवर किंवा हाडावर दाब पडेपर्यंत दुखणं जाणवतच नाही. क्षयाच्या गाठीही बरेच महिने दुखत नाहीत.

म्हणून 'दुखते का?' हा प्रश्न मागे ठेवून दुसरे प्रश्न पुढे घ्यायला हवेत. पहिला आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न म्हणजे गाठ किती दिवसांपासून आहे. सर्दी, दात, जखम यांमुळे आलेली गाठ साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत उतरते. तीन आठवडे उलटूनही तशीच आहे किंवा वाढली आहे, तर ती दाखवायची. मग दुखो वा न दुखो.

दुसरा प्रश्न हाताला कशी लागते हा. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मऊ असते आणि बोटाखालून सटकते. त्वचेतल्या तेलग्रंथीचं तोंड बंद होऊन झालेल्या आवाळूवर अनेकदा काळा ठिपका दिसतो. मनगटाच्या मागे येणारी गुळगुळीत, गोल गाठ बहुतेक वेळा सांध्यातल्या द्रवाची असते. या तिन्ही प्रकारांनी सहसा काही बिघडत नाही. याउलट कडक सुपारीसारखी लागणारी, कडा वेड्यावाकड्या असलेली, खालच्या मांसाला किंवा वरच्या कातडीला चिकटून बसलेली गाठ संशयास्पद मानली जाते.

तिसरा प्रश्न वाढीचा. इथे आठवणीवर भरवसा ठेवू नये. गाठ तुरीच्या दाण्याएवढी आहे, हरभऱ्याएवढी की लिंबाएवढी, हे तारखेसह कुठेतरी लिहून ठेवावं. मोबाईलमध्ये फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरलं तरी पुरतं. पंधरा दिवसांनी पुन्हा बघावं. रोज चाचपू नये, कारण रोज दाबून गाठ सुजते आणि मग ती वाढली की नुसती सुजली हे कुणालाच कळत नाही.

हातापायावर किंवा धडावर मांसात खोलवर असलेली, लिंबापेक्षा मोठी आणि वाढत असलेली गाठ मऊ असली तरी 'चरबीची असेल' म्हणून सोडू नये. मांस आणि चरबीचा कर्करोग फार क्वचित होतो, पण तो सुरुवातीला अगदी लायपोमासारखा दिसू शकतो.

रोवणीचे दिवस आणि जांघेतलं अवधान

चिखलात अनवाणी उभं राहून रोवणी करणाऱ्याच्या पायाला काटा लागतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नख निघतं. दोन-तीन दिवसांनी जांघेत एक दुखरी गाठ येते. ही लसिका ग्रंथी. मान, काख आणि जांघ या ठिकाणी अशा ग्रंथींचे पुंजके असतात आणि त्या त्या भागातून येणारा द्रव त्या गाळतात. पायातल्या जखमेचे जंतू जांघेत अडवले जातात, म्हणून तिथली ग्रंथी सुजते. अवधान म्हणजे हेच. त्यावर उपाय पायाच्या जखमेचा करायचा. जखम बरी झाली की अवधान बसतं.

काखेतली गाठ हाताकडे किंवा स्तनाकडे बोट दाखवते. जबड्याखालची तोंडाकडे, आणि मानेच्या मागची बहुतेक वेळा डोक्यावरच्या फोडांकडे किंवा उवांकडे. ग्रंथी स्वतः क्वचितच आजारी असते, ती बातमी देत असते. गळ्याच्या हाडाच्या, म्हणजे हंसळीच्या, वरच्या खळग्यात गाठ लागली तर मात्र एक दिवसही वाट बघू नये. ती छाती किंवा पोटातल्या आजाराची खूण असू शकते.

मान: खर्रा आणि क्षय

या भागात मानेच्या गाठीबद्दल बोलताना दोन गोष्टी सोडून चालत नाही.

पहिली खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं हे मिश्रण पूर्व विदर्भाच्या प्रत्येक चौकात मिळतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा तर ठेल्यावर समोरच तयार होतो. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांचं 'मुक्तिपथ' अभियान २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरोधात काम करतं, त्यातही खर्रा हा मोठा विषय आहे. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील तर तोंड आखडलं आहे असं समजावं. तंबाखूची गोळी जिथे धरली जाते तिथे पांढरा किंवा लाल चट्टा येतो, मग न भरणारी जखम होते.

या जखमेचा कर्करोग झाला असेल, तर तो पुढे सहसा जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या ग्रंथींत जातो. म्हणजे खर्रा खाणाऱ्या माणसाच्या मानेवर न दुखणारी कडक गाठ आली, तर पहिल्यांदा टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात बघायला हवं. हे प्रत्यक्षात अनेकदा होत नाही. गाठीवर इंजेक्शन मिळतं आणि जिभेखालची जखम तशीच राहते. मानेच्या ग्रंथीत पोहोचलेल्या तोंडाच्या कर्करोगात वाचण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, असं या क्षेत्रातले डॉक्टर मानतात. जखमेपासून गाठीपर्यंतचा काळ म्हणून मोलाचा असतो, आणि त्या काळात काहीच दुखत नाही, ही यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

दुसरी गोष्ट क्षयरोग. क्षय म्हटला की खोकला आठवतो, पण फुप्फुसाबाहेरचा क्षय सगळ्यांत जास्त वेळा लसिका ग्रंथींतच होतो आणि त्यातही मानेत. जुन्या मराठीतल्या गंडमाळा त्या याच. सुरुवातीला एखादी गाठ असते, मग शेजारच्या दोन-तीन एकमेकींना चिकटून गुच्छ होतो. संध्याकाळी अंगात कणकण, वजन कमी होणं, रात्री घाम, भूक नसणं हे सोबत असेलच असं नाही. उपचार न मिळाल्यास गाठ मऊ पडते, फुटते आणि महिनोन् महिने वाहत राहते. फुटल्यावर 'पू निघाला, आता बरं वाटेल' असं वाटतं. तसं होत नाही.

इथे घरच्यांना एक दिलासा द्यायला हवा. फक्त ग्रंथींचा क्षय असेल आणि फुप्फुस स्वच्छ असेल, तर तो खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, आणि मुलीचं लग्न मोडायची तर अजिबातच नाही. उपचार साधारण ६ महिन्यांचे असतात, सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. औषधं सुरू असताना मधल्या काळात गाठ काही दिवस उलट वाढू शकते. त्यामुळे घाबरून गोळ्या बंद करणारे रुग्ण असतात. गोळ्या बंद न करता केंद्रात दाखवायचं. मिरचीच्या कामाला बाहेर जायचं असेल तर ते आधी सांगितलं की औषधं सोबत नेता येतात किंवा तिकडच्या केंद्रात सोय लावता येते.

गळ्याच्या समोर, कंठाच्या खाली आलेली गाठ आणखी वेगळी. एक घोट पाणी पिऊन आरशात बघावं. गिळताना ती वर सरकत असेल तर ती बहुधा थायरॉइडची आहे. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचलं आणि मोठमोठे गलगंड दिसणं कमी झालं. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या निघतात. पण आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा गाठ भराभर वाढत असेल तर सोनोग्राफी लगेच करावी.

स्तनातली गाठ: कुणाला सांगणार?

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात जेमतेम आठ. तो अभ्यास स्तनाच्या गाठीचा नव्हता. तरी पदराआडचं दुखणं डॉक्टरपर्यंत का पोहोचत नाही, हे समजायला आजही त्याच्याइतकं जवळचं उदाहरण नाही. बाई गाठ लपवते असं म्हटलं जातं. पण सांगायला जागा कुठे होती, हेही विचारायला हवं.

स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पंधरा ते तिशीच्या वयात बोटाखालून निसटणारी, रबरासारखी गाठ बहुधा फायब्रोअॅडिनोमा असते. तिशी-चाळिशीत पाण्याच्या गाठी होतात, पाळीच्या आधी जड होतात, नंतर हलक्या. बाळ अंगावर पीत असताना लाल, ठणकणारी गाठ आणि ताप आला तर तो दूध साचून झालेला संसर्ग असतो. तो त्याच दिवशी दाखवावा, कारण त्यात पू झाला तर काढावा लागतो. पण 'दुधाची गाठ आहे' असं म्हणत दोन-तीन महिने गेले आणि गाठ उतरली नाही, तर वय कमी असलं तरी सोनोग्राफी करायलाच हवी.

गाठीवरची कातडी आत ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, बोंड नव्याने आत गेलं आहे का, त्यातून रक्तासारखं काही येतं का, काखेत वेगळी गाठ लागते का, हे स्वतःला बघता येतं. यातलं एक जरी दिसलं तरी तीन आठवड्यांचा नियम लागू होत नाही. लगेच जायचं.

मोठ्या शहरातल्या यंत्राशिवाय काही होत नाही, असा समज आहे. मुंबईत टाटा मेमोरिअल केंद्राने १९९८ पासून वीस वर्षं चालवलेल्या चाचणीत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी करत. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्यांमध्ये कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या वयोगटात असा फायदा दिसला नाही, हेही खरं. पण डॉक्टर नसलेल्या, नीट शिकवलेल्या बाईच्या हातांनी हे साधलं, हे मूलसारख्या तालुक्यासाठी महत्त्वाचं आहे. तीस वर्षांवरच्या लोकांसाठी आशाताई जो आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात स्तनातल्या गाठीचा आणि तोंड न उघडण्याचा प्रश्न असतो. तो प्रश्न दारात, सासू आणि शेजारणीसमोर विचारला गेला तर उत्तर 'नाही' असंच येणार. आशाताईंना आत बोलावून सांगता येतं.

पुरुष आणि धोतराआडची गाठ

लाज फक्त बायकांनाच असते असं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर हा पट्टा हत्तीपाय रोगाचा आहे. नाल्या आणि डबक्यांत वाढणारे क्युलेक्स डास या रोगाचे कृमी एका माणसातून दुसऱ्यात नेतात आणि ते कृमी लसिकावाहिन्यांत घर करतात. पाय सुजणं हे त्याचं सगळ्यांना दिसणारं रूप. न दिसणारं रूप म्हणजे अंडवृद्धी. अनेक पुरुष ती वर्षानुवर्षं अंगावर काढतात, सायकल चालवणं सोडतात, लग्नाला जाणं सोडतात. सुजलेला पाय पूर्ववत करणं फार अवघड असतं, पण अंडवृद्धी मात्र एका साध्या शस्त्रक्रियेने बरी होते. गावात सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमेत मिळणाऱ्या गोळ्या रोगाचा प्रसार थांबवण्यासाठी असतात. त्यांनी साचलेलं पाणी जात नाही.

अंडवृद्धी की अंतर्गळ? अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावल्यावर पाण्याची सूज लालसर उजळते. अंतर्गळ खोकताना फुगतो आणि आडवं झाल्यावर बहुधा आत जातो. धानाची पोती उचलणाऱ्यांना अंतर्गळ होतो आणि पट्टा बांधून तो बरा होत नाही. आत जाणारा अंतर्गळ एके दिवशी आत जाईनासा झाला, कडक झाला, पोट दुखून उलट्या सुरू झाल्या तर आतडं अडकलं आहे. रात्र असेल तरी निघायचं, काही तासांचाच प्रश्न असतो. तरुण मुलाच्या अंडकोशात अचानक असह्य कळ आली, तर अंडाला पीळ पडलेला असू शकतो. तिथेही साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंड वाचतं.

पंधरा ते पस्तीस वयात अंडालाच चिकटलेली, कडक, न दुखणारी गाठ लागली तर ती अंडाच्या कर्करोगाची असू शकते. हा कर्करोग लवकर सापडला तर जवळजवळ नेहमीच बरा होतो. त्याची सोनोग्राफी आणि रक्त तपासतात, सुई मात्र घालत नाहीत.

डाव्या बरगडीखाली

पोटात डावीकडे बरगडीखाली लागणारी गाठ म्हणजे बऱ्याचदा वाढलेली पानथरी. एरवी ती हाताला लागत नाही. मलेरियात ती वाढते. एखाद्या गावात किती मुलांची पानथरी हाताला लागते, यावरून पूर्वी त्या गावातला मलेरिया मोजत. गडचिरोलीत मलेरियाचे बरेच रुग्ण सापडतात, म्हणून इथे हा विचार आधी येतो. दुसरं कारण सिकलसेल, जो या दोन्ही जिल्ह्यांत बराच आहे. सिकलसेल असलेल्या लहान मुलाच्या पानथरीत कधी कधी रक्त अचानक साठतं. मूल पांढरंफटक पडतं, मलूल होतं आणि पोट काही तासांत फुगतं. अशा मुलाला रक्त द्यावं लागतं, तेही त्याच दिवशी. म्हणून सिकलसेलच्या बाळाच्या आईला पानथरी हलक्या हाताने चाचपायला शिकवतात. अशा पोटावर मालीश करणं किंवा तापल्या लोखंडाने डाग देणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

कानाच्या पाळीवर बारीक बारीक गाठी आल्या आणि अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. बाबा आमटेंच्या कामामुळे वरोऱ्याचं आनंदवन आणि मूलजवळचं सोमनाथ ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण हा आजार अजून संपलेला नाही. त्याचं औषध मोफत आहे.

सुई लावली तर पसरते का?

गावोगाव ऐकू येणारी भीती हीच. 'गाठीला सुई लावली आणि माणूस गेला.' असं का वाटतं, हे समजण्यासारखं आहे. सुई बऱ्याचदा शेवटी लागते, आजार तोवर पसरलेला असतो आणि दोष सुईवर येतो. मान, स्तन, काख, थायरॉइड इथल्या गाठींची तपासणी जगभर सुईनेच सुरू होते आणि तिने आजार पसरत नाही. एफएनएसी नावाच्या या तपासणीत इंजेक्शनच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक सुई गाठीत घालून काही पेशी काढतात, काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. पेशी पुरेशा नसतील किंवा शंका राहिली तर जाड सुईने लहानसा तुकडा काढतात. क्षयाचा संशय असेल तर तोच नमुना सीबीनॅट यंत्रावर तपासता येतो.

अहवालात 'पेशी अपुऱ्या' असं आलं, तर त्याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. तपासणी पुन्हा करायची. अहवाल साधा आला पण गाठ कडक आहे आणि वाढते आहे, तरीही पुन्हा. हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुई हे तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तेव्हा डॉक्टर निर्धास्त होतात.

सुईपेक्षा जास्त नुकसान तिच्या आधी झालेल्या उपचारांनी होतं. एका अँटिबायोटिक कोर्सनंतर दोन आठवड्यांत गाठ उतरली नाही, तर दुसरा-तिसरा कोर्स घेत बसण्यात अर्थ नाही. निदानाआधी दिलेल्या स्टेरॉइडने क्षयाची किंवा लिम्फोमाची गाठ काही दिवस लहान होते, सगळे खूश होतात आणि खरं निदान मागे पडतं. बिबा लावल्याने कातडी भाजते. चुन्याचा लेप लावला की वरची खूण झाकली जाते. वैदूकडे जाणाऱ्याला रागावून उपयोग नाही, तो गावातच आहे आणि वेळ देऊन बोलतो. पण लेप लावायच्या आधी एकदा डॉक्टरचा हात गाठीवर पडला पाहिजे, एवढं तरी घरात ठरवता येतं.

मूलहून पुढे कुठे?

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मूलचं सरकारी रुग्णालय ही पहिली पायरी. तिथे हाताने तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि क्षयाची तपासणी सुरू होऊ शकते. सुईची तपासणी आणि शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोग निघाला तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. निघण्याआधी आधार आणि रेशनकार्ड पिशवीत टाकावं, कारण कागदाअभावी परत यायची वेळ येते आणि मग पुढची फेरी धान निघाल्यावरच होते.

डॉक्टरसमोर गेल्यावर चार गोष्टी न विचारता सांगाव्यात: गाठ पहिल्यांदा कधी लागली, वजन किंवा भूक कमी झाली का, खर्रा-तंबाखू किती, घरात क्षय किंवा कर्करोग कुणाला झाला होता. खर्ऱ्याचा आकडा लोक निम्मा सांगतात. तो पूर्ण सांगावा, तिथे कुणी दंड करत नाही.

आणि गाठ काढलीच, तर ती कचऱ्यात जाता कामा नये. गाठ वाटाण्याएवढी असो, डॉक्टर 'साधीच आहे' म्हणोत, ती पॅथॉलॉजीला पाठवायला सांगावी. लहान दवाखान्यात कधी कधी गाठ बरणीत घालून नातेवाइकांच्याच हाती देतात आणि चंद्रपूरला किंवा नागपूरला पोहोचवायला सांगतात. त्या बरणीत १० टक्के फॉर्मॅलिन हवं आणि गाठ त्यात पूर्ण बुडालेली हवी. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवलेली गाठ वाटेतच खराब होते. क्षयाचा संशय असेल तर मात्र एक तुकडा वेगळ्या बाटलीत सलाइनमध्ये लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग ते वाढवून बघता येत नाहीत. बरणीवर नाव, तारीख आणि गाठ कोणत्या बाजूची, डावी की उजवी, हे लिहून घ्यावं. अहवाल साधारण आठवड्याभरात येतो. तो आणायला कोण जाणार, हे टाके घालतानाच ठरवून ठेवावं.